चार बोटं खेळ

तोष्णीवालांची शेवरोलेट जालन्याच्या जुन्या मोंढ्यामागं
ट्रॅक्टरला दोर बांधून आणली.
चौसष्ट सालची. शेडमध्ये अर्धीच मावली,
डिकी उन्हात.
चांदपाशा खुर्चीतून म्हणाले, चाक हलव.
हलवलं. हातात चार बोटं फिरलं,
खाली टायरला खबर नाही.
'चार बोटं खेळ हाय,' ते म्हणाले
आणि पान थुंकायला वळले.

मागच्या पोळ्यापासून त्यांचा डावा हात
मांडीवर पडून असतो,
कुणाची तरी विसरलेली पिशवी असावी तसा.
जीभ मात्र शाबूत.
म्हणून हात माझे, बाकी सगळं त्यांचं.

मी गाडीखाली, बारदान्यावर उताणा.
वरून आवाज:
कॉटर पिन सरळ कर आधी, वाकवू नको,
नको रे लिंब्या… तोडलीस.
आता नट. आता दोन हातोडे घे.
एक टेकव, एक मार.
गोळीच्या डोक्यावर नाही मारायचं, मियाँ,
घराला कडेनं हादरा द्यायचा,
मंग ती आपसूक सोडते.
तिसऱ्या ठोक्याला सोडलं तिनं,
आणि साठ वर्षांचं ग्रीस माझ्या डोळ्यात.

व्हॉल्व्ह उघडला. स्प्रिंग, वायसर, पितळी बैठक,
आत करंगळीएवढा स्पूल.
ज्या क्रमानं निघालं त्याच क्रमानं परातीत मांड.
परात जैबुन्निसा चाचींची, भाकरीच्या पिठाची;
त्यांनी दारातून पाहिलं, काही बोलल्या नाहीत.
तेच जास्त वाईट.

गोळी एका अंगानं चपटी झालेली,
हुरड्याच्या दाण्यासारखी.
'बंगला ते जिनिंग, जिनिंग ते बंगला,
दुसरीकडं शेठ गेलेच कुठं?'
जिनिंग आता नाही. तिथल्याच भंगारातला शाफ्ट
ज्ञानोबाच्या लेथवर चढवला
आणि त्याच्या पोटातून नवी गोळी निघाली,
निळसर, अजून गरम,
रुमालात बांधून सायकलवर आणली.
रिंगा ट्रॅक्टरच्या लिफ्टच्या. रबरी टोप्या
ट्यूब कापून. स्पूलवर एक ओरखडा होता,
डोळ्याला दिसत नव्हता, नखाला लागत होता.
दोन दिवस तो एक ओरखडा.

मग लाल तेल भरलं.
सिलिंडरचा दांडा मुद्दाम मोकळा ठेवला.
'मार स्टार्टर.'
पंप कण्हला, पट्टा चिरकला,
आणि दांडा बाहेर यायला लागला
हळूहळू, एकटाच.
चाकाला कुणाचा हात नव्हता.
मी घाबरलो, खरं सांगतो.
चांदपाशा पुढं झुकले.
'बघ. हुकूम नसताना निघालाय.
नट फिरव. पाव.'
पाव फिरवला, तर तो उलटा आत निघाला.
'त्याच्या अर्धा मागं. त्याच्याबी अर्धा.'
असं संध्याकाळपर्यंत, दोनदा लाइट जाऊन.
शेवटी इंजिन चालू, दांडा जागच्या जागी;
ना आत, ना बाहेर.
शेडमध्ये कुणीच काही बोलेना,
मोंढ्यातला हमालसुद्धा बिडी धरून उभा.

दांडा जोडला. त्यांना सीटवर बसवलं,
मी आणि हमालानं मिळून.
म्हणाले, डावा हात उचल माझा, वर ठेव.
ठेवला. बोटं मिटली नाहीत.
हात आपल्याच वजनानं घसरू लागला,
आणि त्याच्याखाली चाक फिरलं,
आणि खाली टायर,
दगडी फरशीवर करकरत, डावीकडं.
त्यांनी परत वर ठेवायला लावला.
परत. तीन वेळा.

मी म्हणालो, बोटभर खेळ अजून हाय, चाचा.
काढू का?
'ऱ्हाऊ दे. अजिबात खेळ नसला
की रस्त्यातला हर खडा हातात येतो.
बाईंना फोन लाव.
आणि ती परात घास आधी, राखेनं,
दोनदा.'