तिसरी तार

बिशप्स कासलच्या उतारावर, लेकीच्या बागेच्या टोकाला
माझ्यासाठी लाकडी खोली बांधली.
घरापासून सत्तर मीटर.
जावयाने टेपने मोजलं, मी पावलांनी;
माझी पावलं जास्त भरली. आखूड झालीत.

डिलविन नावाचा वायरमन आला,
गुडघ्यांवर चिखल, कानामागे पेन्सिल. आमचीच जात.
चर दीड हात खोल, तळाला वाळू,
तीवर पोलादी कवचाची काळी केबल
झोपलेलं पोर ठेवावं तशी ठेवली.
वर पिवळी पट्टी: खाली वीज आहे.

मी विचारलं, घराचं अर्थिंग इथवर आणणार ना?
नाही, म्हणाला.
कंपनीची तार रस्त्यात कुठे तुटली
तर तिकडचा ताण इथल्या नळाला उतरेल.
या खोलीला हीच जमीन.
आणि कुंपणाशी दोन कांबी ठोकल्या,
तांब्याच्या, माझ्या उंचीच्या,
घणाच्या शेवटच्या घावाला मेंढ्या वळून बघत होत्या.

मीठ टाक, मी म्हटलं, कोळसा टाक,
उन्हाळ्यात बादलीभर पाणी.
मंडळात एकतीस वर्षं हेच केलं.
तो आभाळाकडे बोट करून हसला.

मीटर म्हणालं, एकसष्ट ओहम.
भागाकार मी मनातच केला: पावणेचार अँपियर.
म्हणजे इथे फेज उघडी पडून पत्र्याला चिकटली
तरी तिकडच्या बत्तीसच्या ब्रेकरला वाटणार,
कोणीतरी चहा ठेवलाय.
लांबची बोंब अशीच पोचते.
दर रविवारी इचलकरंजीहून फोनवर मी म्हणायचो, बरं आहे,
आणि इकडे ते बरं आहे असंच ऐकू यायचं.

म्हणून ही पांढरी डबी.
ही बोंब ऐकायला थांबत नाही.
गेले किती, आले किती, एवढंच मोजते,
आमच्या गल्लीतल्या मलगोंडा दुकानदारासारखी.
तीस मिलीअँपियर वाटेत हरवले
की फळ्या लावून मोकळी.

नोव्हेंबर. पहाटेचे सहा, बाहेर मिट्ट.
नळाला गरम पाणी होतं की.
पण मला माझा हीटर हवा होता,
ट्रंकेत स्वेटरात गुंडाळून आणलेला,
बादलीत सोडायचा तो, वेटोळ्याचा.
बटण दाबलं.
खट्.
अंधार.
चाचपडत डबी वर केली. खट्.
पुन्हा केली. माणूस ऐकतो का. खट्.

तेवढ्यात बागेतून टॉर्च धावत आला.
लेक. गाउनवर कोट, एका पायात नवऱ्याचा बूट.
"खिडकी विझलेली दिसली."

हीटर चांगला आहे गं, मी म्हटलं,
बावीस वर्षं वापरला.

"आणि आई म्हणायची ना, अप्पा,
बादली चावते?"

म्हणायची.
जरा झिणझिणतं हो, म्हणायची,
ओला हात पदराला पुसत.
मी म्हणायचो, चप्पल घाल.

तालुक्यातल्या डीप्यांना मीठ-कोळसा भरणारा मी.
माझ्या घरी भिंतीत तिसरं भोक होतं,
भोकात तार होती,
तार परसात उतरत होती,
आणि खड्ड्यात पाणी घालायचं
उद्यावर, उद्यावर.

ती गेली ती वेगळ्याच दुखण्याने.
डॉक्टरचा कागद आहे.
तरी.

लेकीने हीटर कोटाच्या खिशात कोंबला,
डबी वर केली. दिवा आला.
चहा ठेवते म्हणाली,
आणि ठेवला, माझ्याकडे पाठ करून, बराच वेळ.

आता रोज सकाळी, पाऊस असला तरी,
तांब्याभर पाणी नेऊन
कुंपणाशी त्या दोन कांबींवर ओततो.
जावई खिडकीतून बघतो, काही विचारत नाही.
त्याला वाटतं, आमच्यात तसं असेल.