युद्धजोखमीचा दर

लाइम स्ट्रीट म्हणजे चुनेगल्ली.
इथे पूर्वी चुन्याच्या भट्ट्या होत्या, असं थ्वेट सांगतो
आणि मी एकटीच मराठीत हसते.
'चुना लावणे' त्याला कसं समजावू?

लंडन. तिसरा मजला. खिडकीच्या कठड्यावर ओली कबुतरं.
माझं काम आकड्याचं:
कुठल्या समुद्रात जहाज शिरलं की
शेकडा किती.

सोमवारी शून्य पूर्णांक दोन.
मंगळवारी एका राजधानीत एका मंत्र्याने
पुढे आलेला हात पाहिलाच नाही,
शून्य पूर्णांक पाच.
बुधवारी तीव्र चिंता व्यक्त झाली.
चिंतेला दर नाही, चिंता फुकट असते.
'सर्व पर्याय खुले आहेत' याला मात्र आहे:
एक टक्का, दुपारी चारपर्यंत वैध.

थ्वेट बातम्या ऐकत नाही.
गहू कुठे चाललाय ते बघ, म्हणतो,
भाषण नंतर वाच.
आणि सँडविचमधली काकडी काढून
कागदाच्या कडेला रचून ठेवतो.

गुरुवारी टेबलावर आलं 'ग्रेटा मार्लो'.
झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्या,
पोटात सोयाबीन तिसऱ्याचं,
ज्यावर चौथ्याने परवा पंचवीस टक्के कर बसवला
आणि तिसऱ्याने सूड म्हणून
त्याच्या जॅमच्या बरण्यांवर.

खलाशांची यादी मी सहसा उलटत नाही.
उलटली.
अनुक्रमांक अकरा: मुकादम, इक्बाल दाऊद. आचारी. दाभोळ.

दाभोळ!
पलीकडच्या तीरावर, धोपाव्याला, माझ्या मावशीचं सासर.
तरीत बसलं की डिझेलचा वास आणि सुक्या बांगड्यांचा.
पोर्तुगीजांनी जाळलं होतं हे बंदर एकदा.
तेव्हा शेकडा किती, कुणी विचारलं नसेल.

माझ्या तक्त्यात जहाजाची किंमत आहे, मालाची आहे.
माणसं दुसऱ्या खात्यात, दुसऱ्या मजल्यावर.
दर चढा लावला तर मालक आफ्रिकेला वळसा घालेल,
उतरता लावला तर सरळ त्या चिंचोळ्या पाण्यातून.
दशांशचिन्हाच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी
इक्बाल कांदा चिरतोय.

मी पाव टक्का वाढवला.
थ्वेटने चष्म्यावरून पाहिलं. का?
हवामान, म्हटलं.
त्याने सही केली.
तासाभरात मालकाने पलीकडच्या टेबलावरून
स्वस्तात घेतला.

दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, आई म्हणायची.
इथे तो तिसरा लिफ्टमध्ये भेटतो,
छत्री झटकतो, गुड मॉर्निंग म्हणतो,
मुलीच्या पोहण्याच्या शर्यतीचं सांगतो.
भला माणूस आहे.

शुक्रवारी उशिरा, सगळे गेल्यावर,
बारीक अक्षरातलं कलम पुन्हा वाचलं.
पाच देशांची नावं आहेत तिथे, ओळीने.
यांच्यातल्या कुणाही दोघांचं आपसात जुंपलं
तर विमा त्याच क्षणी रद्द.
नोटीस नाही, परतावा बघू.
बाकी जगात कुणीही कुणाशीही लढा,
आमचा दर तयार आहे.

आज सोमवार.
पडद्यावर नखाएवढा हिरवा त्रिकोण
त्या पाण्यात शिरलाय, वेग अकरा नॉट.
तिकडे दुपार असेल.
जेवणं उरकली असतील,
भांडी व्हायची असतील.