राइल

व्हर्मॉन्टच्या डोंगरात एप्रिल म्हणजे नुसता चिखल.
माझी फोर्ड आसापर्यंत रुतली,
उरलेला दीड मैल वही छातीशी धरून चालत गेलो
माइरा थ्रॅशरच्या दारापर्यंत.
विद्यापीठानं शब्द गोळा करायला धाडलं होतं:
बादलीला तुम्ही काय म्हणता, गांडुळाला काय,
गाय हंबरते त्याला काय.

ती चुलीपाशी घेवडे निवडत होती. वय एक्क्याऐंशी.
उत्तर देताना मान वर करायची नाही.
मी पुढचा प्रश्न वाचला:
एखाद्याला मुद्दाम डिवचायचं, चिडवायचं, त्याला शब्द?

"राइल," ती म्हणाली. आणि मग, "बूट चढव."

घरामागे दगडांनी बांधलेला झरा,
हातभर खोल, तळाची रेती कण न् कण मोजावी असा.
तिनं कुंपणातली एक काठी उपसली,
तळाशी एकदाच फिरवली.
आवाज झाला नाही.
खालून एक तपकिरी ढग उठला
आणि आमचे दोघांचे चेहरे पुसून गेला.

"हे. आधी हे, माणसं नंतर.
आई ओरडायची, झरा राइल करू नका रे,
चहाचं पाणी भरायचंय."

मी लिहून घेतलं.
जाड कोशात वाचलं होतं, मूळ शब्द रॉइल,
गावच्या तोंडी राइल झाला.
त्याच्याही मागे कुणी जुन्या फ्रेंचातला गंज दाखवतं, चिखल दाखवतं,
कुणी सरळ हात वर करतं.
आमच्या लॅटिनच्या मास्तरांचा संताप मात्र आगीतून यायचा:
इन्सेन्स म्हणजे पेटवणं,
देवळातला धूप त्याच घरचा, डोक्यात गेलेली तिडीकही.
आग लावायला काडी तरी ओढावी लागते.
इथे काठी पुरते.
बाहेरून काही घालायचं नाही,
तळाशी बसलेलंच वर येतं.

"तुम्हाला कुणी?" मी विचारलं. हा प्रश्न यादीत नव्हता.
तिनं ओढ्यापलीकडच्या धुराकडे हनुवटी केली.
असाहेल, धाकटा भाऊ.
आईला पुरून आल्यावर, ताटावर बसून, लोणी लावता लावता म्हणाला,
हिची बिस्किटं आईसारखी नाहीत.
"एवढंच?"
"एवढंच. बावीस वर्षं झाली."

आम्ही काठावर उभे राहिलो.
निवळायला किती वेळ लागतो, मी विचारलं.
"पाण्याला? अर्धा तास."
ती घेवड्यांकडे परत गेली.

संध्याकाळी गाडी ओढायला दोन बैल आले,
आणि त्यांच्या मागे कानटोपीतला एक म्हातारा,
नाक थेट माइराचं.
साखळी अडकवताना म्हणाला,
"तिच्याकडे गेला होतास. कुठला शब्द दिला तिनं?"
सांगायला नको होतं. सांगितलं.

त्यानं बैलांना थांबवलं.
चिखलात थुंकला.
"रॉइल," तो म्हणाला. "शब्द रॉइल आहे.
तिचं बोलणंसुद्धा आईसारखं नाही."

बोनेटवर वही ठेवून
त्या एकाच चौकोनात मी दोन्ही लिहिले,
अक्षरं बारीक काढून,
एकमेकांना लागणार नाहीत अशी.