दोन मुळं

घोड्याचं नाव बोरा, मुलीचं ओब्से.
दोघांनीही मला एकदाच न्याहाळलं
आणि वजनाचा अंदाज घेतला.
तिनं चार बोटं दाखवली, मी त्यातली दोन मिटवली,
तिनं एक पुन्हा उघडलं.
निघालो.

सातूची शेतं, मग निलगिरी,
खोडांवरून लोंबणारे सालींचे पट्टे,
मग प्रत्येक झोपडीमागे
केळीसारखं दिसणारं, पण खायजोगा घड न धरणारं झाड.
ओब्सेनं हातवारे करून सांगितलं:
खोड किसायचं, पुरायचं, आंबवायचं,
वर्षभर पोट.
इथे त्या झाडाला वांझ म्हणत नाहीत.

कड्यावर पोचले तेव्हा आधी
कानात माझंच रक्त वाजलं.
तळं नंतर. खाली, फार खाली,
शाईची दौत विसळताना
पहिल्या पाण्याला येतो त्या रंगाचं.

एके काळी इथे आग होती, असं वाचून आले होते.
उतरताना फक्त एका झऱ्यापाशी
पाणी अजून बुडबुडत होतं.
जिभेवर गंजाची चव.
ओब्से ओंजळभर प्यायली,
मोठ्ठा ढेकर दिला, आणि माझ्याकडे बघत राहिली,
आता तुझी पाळी म्हणून.

होडीवाला कुम्सा.
खांद्यावर जाड पांढरी चादर, पायांत टायरचे जोडे.
इंडिया? त्यानं विचारलं.
मी मान हलवली.
त्यानं वल्हं आडवं ठेवलं,
हाताची घडी घालून ताठ बसला
आणि भर पाण्यात, एका दमात:
मायनस बी, प्लस-मायनस रूट ऑफ
बी स्क्वेअर मायनस फोर ए सी,
अपॉन टू ए.

ते ‘अपॉन’ अगदी आमच्या शाळेतलं.

मिस्टर कुरियन, तो म्हणाला.
छडी नव्हती त्यांच्याकडे. खडू मारायचे. नेम चुकत नसे.
मग राजा गेला, बंदूकवाले आले,
मिस्टर एका सकाळी ट्रकमध्ये पेटी टाकून निघाले.
सूत्र पाठ झालं होतं,
ते कशासाठी, एवढंच सांगायचं राहिलं.
तुला ठाऊक आहे?

मलाही नुसतं पाठच होतं.
तरी बोट पाण्यात बुडवून
होडीच्या फळीवर एक वाटी काढली,
तिच्यावरून आडवी रेघ.
वाटी रेघेला जिथे छेदते
त्या दोन जागा. आम्ही त्यांना मुळं म्हणतो.

त्यानं फळीकडे पाहिलं.
मग मान वळवून,
डोंगराची भिंत पाण्यात शिरत होती तिथे.
मग दुसऱ्या काठाकडे.
म्हणजे ते एक, तो म्हणाला, आणि हे एक.
चाळीस वर्षं मी
ह्या मुळापासून त्या मुळापर्यंत माणसं सोडतोय.
मेंढ्या. बेटावरच्या देवळाची घंटा.
एकदा माझ्याच भावाला, चादरीत गुंडाळून.

आणि सी?

सी म्हणजे मधोमध किती खोल.
हे मी घाईघाईत सांगितलं,
बरोबर आहे की नाही ते मागाहून डोक्यात पडताळलं.
बरोबर होतं.
तो हसला. वरचे दात नव्हते.
सी मला माहीत आहे, म्हणाला.
घरातला होता नव्हता तो सगळा दोर सोडला होता एकदा,
टोकाला जात्याची तळी बांधून.
नाही लागला.

फळीवरची वाटी उन्हात वाळत गेली,
रेघ आधी, मग बूड.

चढताना ओब्सेनं
मी मिटवलेलं उरलेलं बोट उघडलं:
उताराचा भाव वेगळा, चढाचा वेगळा.
दिले.
बोरा मध्येच थांबून मुतला,
दोघी उभ्या राहिलो.

मागे पाहिलं तर कुम्साची होडी
तळ्याच्या मधोमध, वल्हं आत घेतलेलं.
जाळं टाकत असेल,
किंवा नुसता बसला असेल.
एवढ्या वरून त्याचे हात दिसत नव्हते.