झाकण

बॉनेटखालचं झाकण काढून आणलं गच्चीवर.
चार बोल्ट निघाले. पाचवा
कधीचाच रस्त्यात कुठंतरी पडलेला.

निरम्यानं धुतलं,
चारशेच्या पॉलिशपेपरनं घासलं दुपार कलेस्तोवर.
खालून हावगीराव ओरडले,
"कोण बघतंय हो तिथं?"

कोणीच नाही.
मेकॅनिक बघंल, तेलाचे हात पुसत.

तरी लाल मारला, पातळ.
डब्यावर लिहिलंय : दोनशे डिग्री सोसतो.
कंपनीनं उदगीरचा मे बघितलेला नाही.
एक हात वाळला, मग दुसरा.
तिसऱ्याला वारं सुटलं
अन् एक मुंगी चालत आली कडेकडेनं,
थांबली.

काढली नाही.
आता लातूरच्या रस्त्याला गाडी तापली
की बॉनेट उचलतो,
पाणी बघायच्या निमित्तानं
तिला बघतो.