रन

हल बंदरात, हेसल रोडवर
नवरा-बायको दोघांची एक लॉन्ड्री होती,
आता एकट्या बायकोची.
बेरिल स्टॅथर सुटे पैसे मोजते, साबणाच्या पुड्या विकते,
आणि सांगते की ही लॉन्ड्री मी रन करते,
गुडघ्यांमुळे दिवसभर स्टुलावरून न उठता.

समोरच्या बाकावर लुवाम.
अस्माराची. रात्रपाळी मासळीच्या कारखान्यात,
म्हणून बोटांना लिंबू चोळलेलं.
मांडीवर चौकड्यांची वही.
वर्गात शिकवलं होतं : रन म्हणजे धावणे.
पुस्तकात चित्र होतं, हाफपँट घातलेला एक मुलगा.

इथे मात्र मुलगा सोडून सगळं धावतंय.
बेरिलच्या नातवाचं नाक रन होतंय.
नळ रन होऊ दे गं, मगच गरम पाणी येईल.
रविवारी बस रन होत नाही.
टक्कल स्टॅथरांच्या घराण्यात रन होतं,
बापाच्या हातून मुलाच्या हाती, रिले शर्यतीसारखं.
आणि हे बघ, लाल टॉवेल पांढऱ्यात टाकू नकोस,
कलर रन होतो.

टाकून झालाय. यंत्र गरगरतंय.

ती तिच्या लिपीत लिहिते,
मी पलीकडच्या यंत्रापाशी मनात, माझ्या :
नाक वाहतं. नळ सोडतात. दुकान चालतं.
आमचा रंग जातो, साधा जातो,
इंग्रजांचा पळत सुटतो.
धावणं वेगळं आणि पळणं वेगळं,
एकात पुढे काहीतरी असतं, दुसऱ्यात मागे.
मला उगाच श्रीमंत वाटलं.

"आणि हे?" लुवामनं भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं.
"क्लिफ. उधारी रन अप केली त्यानं,
बिअरची, कुत्र्यांच्या शर्यतीची.
मग ही रॅन."
लुवामची पेन्सिल थांबली.
"पायांनी?"
"पायांनी कसला! सव्वाआठच्या बसनं.
रांगेत उभा राहून, ड्रायव्हरला गुड मॉर्निंग म्हणून.
मी खिडकीतून बघत होते,
वाटलं, दूध आणायला चाललाय."

थोडा वेळ फक्त यंत्रं बोलत राहिली.
नातवानं बाहीला नाक पुसलं.

मग बेरिलनं, वाईट काही मनात नसताना, विचारलं,
"आणि तू? तुम्ही सगळे
रन करूनच येता ना तिकडून?
टीव्हीवर तसंच सांगतात."

लुवामनं वहीत पाहिलं,
पहिल्या पानावर, जिथे तो मुलगा तिनं उतरवून घेतला होता.
"नाही," म्हणाली. "मी चालत आले.
अकरा रात्री.
धावलं तर खडे वाजतात."

यंत्र थांबलं.
उशीच्या अभ्र्याचा एक कोपरा
फिकट गुलाबी झाला होता.
बेरिल स्टुलावरून उठली, गुडघे धरत,
तो ट्यूबलाइटसमोर उलटसुलट करून पाहिला
आणि घडी घालत म्हणाली,
एवढं चालतं.