दहा सेकंदांत आठ सेंटिमीटर

बांबोळीच्या टेकडीवर, दुसऱ्या मजल्याच्या टोकाला
माझी नोकरी : माश्या मोजणे.
नळीत वीस माश्या. नळी तीनदा आपटायची,
सगळ्या तळाला. मग घड्याळ.
दहा सेकंदांत आठ सेंटिमीटरची रेघ
किती जणींनी ओलांडली, लिहायचं.

ज्यांच्यात आम्ही आजार घातलाय
त्या अर्ध्यावर थांबतात.
काही चढतात नुसत्या पायांनी,
अंग तिथंच.

मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट :
दर सोमवारी मीच रांधते यांचं जेवण.
डिचोलीला गेले की आई म्हणते,
केसांना सुरेचा वास मारतो गो तुझ्या.

बुधवारी ओपीडीतून माणसं येतात.
इनास, कुडक्याचा, एकाहत्तर, रेंदेर.
चाळीस वर्षं दिवसाला तीनदा माडावर,
कमरेला काती, पाठीला दुदीणं.
मी कागद ठेवते : चकली काढा, आतून बाहेर.
त्याची चकली बाहेर यायलाच तयार नाही.
बोराएवढी होऊन थांबते.

रकाना : लक्षणं केव्हापासून?
"पोयेक थापटी मारतना, बाय,
हात म्हजेपरस आदीं थापटूंक लागलो."
मी लिहिते, २०१९, उजवा, अंदाजे.

मग त्याला माश्या दाखवल्या. दाखवायच्या नसतात.
डोळा काचेला लावून हसला.
"ह्यो? ह्यो म्हज्यो.
दर सकाळीं मडकेंत बुडून मेल्ल्यो आसताल्यो."
आणि म्हणाला, आपट.

तीनदा आपटली.
तो पोर्तुगीजमध्ये मोजत होता, जुन्या शाळेतल्यासारखा.
एक अडकली पाचाशी.
घड्याळ थांबलं तरी तो तिच्याकडेच.
"काचेक खांचो नात गे बाय. चडटली कशी?"

सात, वीसपैकी. शेरा : काही नाही.

जायला उठला, आणि दारात पाय रुतले.
गुळगुळीत, पांढरी, नवी फरशी.
जिने तो अजून धडाधड चढतो,
मुलगी म्हणाली, सपाटावरच असं होतं.
मी ड्रॉवरमधली लाल चिकटपट्टी काढली,
गुडघ्यांवर बसून लिफ्टपर्यंत
वीत-दीड वीत अंतरानं आडव्या रेघा मारत गेले.
त्यानं खाली पाहिलं. कपाळाला बोट लावलं, छातीला, दोन्ही खांद्यांना.
मग एक पाय उचलला.

गुरुवारी सफाईवाल्यांनी
पट्ट्या सुरीनं खरवडून काढल्या.
एक राहिली आहे, फ्रीजजवळ.